कालवं पाणचट का होतात? खाडीचं पाणी आणि कालवा-कुर्ल्यांतले परजीवी



कालवं काढणाऱ्या आपल्या बायांना जागा बरोबर माहीत असते. कुठल्या खडपावरचं कालव भरलेलं आणि कुठलं रोड, हे त्यांना न उघडताच कळतं. तरीही एखाद्या वर्षी तीच जागा फसवते. कालव उघडावं तर आत नुसतं पाणी, मांस पांढरट आणि ढिलं. शेजारी बघावं तर अर्ध्या शिंपा रिकाम्या. मग चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं गटाराचं पाणी आलं, कुणी म्हणतं बार्जचं तेल, कुणी म्हणतं यंदा वर्षच वाईट.

ही कारणं खोटी आहेत असं नाही. पण आणखी एक कारण असतं आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे परजीवी. आज त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितोय. वाचायला दहा मिनिटं लागतील, पण पुढच्या हंगामात बी आणताना किंवा एका नदीतली कालवं दुसऱ्या नदीत सोडताना हे माहीत असलेलं बरं.

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्यावरच पोसणारा जीव. गुराच्या अंगावरची गोचीड किंवा पोरांच्या पोटातले जंत असतात ना, तसेच हे. कालवं, तिसऱ्या, शिणाणे, कुर्ल्या, कोळंबी या सगळ्यांच्या अंगात असे जीव असतात. चांगल्या, स्वच्छ खाडीतही ते असतातच. ते आहेत की नाहीत यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की एखाद्याच वर्षी, एखाद्याच जागी ते एवढे का माजतात. याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात सापडतं. पाणी किती खारं, किती गरम, त्यात प्राणवायू किती आणि एका जागी जीव किती दाटीने राहतायत, या चार गोष्टी बघाव्या लागतात.

हे कळलं कुठे?

या विषयाचा सगळ्यात जुना आणि नीट अभ्यास अमेरिकेत झाला, म्हणून आधी तिकडची गोष्ट सांगतो. मग आपल्याकडे येऊ.

१९४० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर, कालवं मोठ्या प्रमाणात मरायला लागली. तिथे तेव्हा तेलाच्या विहिरी खोदल्या जात होत्या. कालववाल्यांनी साहजिकच तेल कंपन्यांवर बोट ठेवलं, प्रकरण कोर्टात गेलं. कारण शोधायला संशोधक बसले आणि त्यांना कालवाच्या मांसात एका पेशीचा एक जीव सापडला. १९५० साली त्याला नाव मिळालं. त्या जुन्या नावावरून तिथले लोक या रोगाला आजही ‘डर्मो’ म्हणतात. आज शास्त्रज्ञ त्या जीवाला ‘पर्किन्सस मरायनस’ म्हणतात.

हा जीव डोळ्यांना दिसत नाही. १९५२ साली सॅमी रे या संशोधकाने तो ओळखायची एक सोपी चाचणी काढली. कालवाच्या मांसाचा तुकडा एका खास द्रावात काही दिवस ठेवायचा आणि मग त्यावर आयोडीन टाकायचं. परजीवी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली निळे-काळे गोळे दिसतात. हीच पद्धत आजही जगभर वापरतात.

तो कालवाला लागतो कसा? कालव दिवसभर पाणी गाळून खातं. त्या पाण्याबरोबर परजीवी आत जातो. कालवाच्या रक्तातल्या पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. उलट त्याच पेशींत बसून तो वाढतो आणि अंगभर पसरतो. कालवाची ताकद त्याच्याशी झगडण्यात जाते. वाढ थांबते, मांस रोड आणि पाणचट होतं, शिंपी नीट मिटत नाही. शेवटी कालव मरतं, कुजतं आणि हजारो परजीवी पाण्यात सुटतात. शेजारची कालवं तेच पाणी गाळत असतात.

खारेपणा आणि ऊब

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. नदीच्या मुखापासून वर जावं तसं ते कमी होत जातं. अमेरिकेतल्या अभ्यासातून असं दिसलं की लिटरमागे मीठ १२ ते १५ ग्रॅमच्या वर गेलं की डर्मोचा जोर वाढतो. ८-९ ग्रॅमच्या खाली तो मरत नाही, पण दबून राहतो. कालव मात्र त्या मचूळ पाण्यात नीट जगतं. म्हणजे नदीचा वरचा भाग हा कालवासाठी लपायची जागा झाला.

ऊबही तशीच. पाणी २० अंशांच्या वर गेलं की हा परजीवी वाढू लागतो आणि २५ च्या वर झपाट्याने वाढतो. तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर कालवं सगळ्यात जास्त मरतात. हिवाळ्यात पाणी गार पडलं की रोग खाली बसतो.

हे दोन्ही एकत्र आलं की काय होतं, ते चेसापीक खाडीने दाखवलं. ही खाडी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत. अनेक नद्या तिला मिळतात. वर गोडं पाणी, मध्ये मचूळ, खाली खारं. रचना आपल्या मांडवी-जुवारीसारखीच, आकाराने मात्र कितीतरी मोठी. तिथे पिढ्यान्पिढ्या कालवांवर जगलेली गावं आहेत.

१९८५ ते १९८८ या वर्षांत तिथे पाऊस कमी झाला. नद्यांना पाणी कमी, म्हणून समुद्राचं खारं पाणी वर सरकलं. त्याच्याबरोबर डर्मोही वर सरकला आणि ज्या जागा आजवर सुरक्षित होत्या तिथे पोचला. पुढे पाऊस परत आला, पण रोग पूर्ण गेला नाही. १९९९ ते २००२ मध्ये पुन्हा कोरडी वर्षं आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या मेरीलँडमध्ये वर्षाला दहा लाख बुशेलांच्या वर कालवं निघत. बुशेल म्हणजे कालवं मोजायची तिथली मोठी टोपली. २००३-०४ च्या हंगामात निघाली फक्त २६ हजार बुशेलांच्या आसपास.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळा दोष परजीवीचा नव्हता. शंभर वर्षं लोखंडी दाताळ्यांनी तळ खरवडून कालवं काढली होती. खडपं मोडली होती, संख्या आधीच घटली होती. अशा वेळी रोग आला, म्हणून घाव इतका खोल बसला.

गोडं पाणीही कालवाला हवं तेवढंच चालतं. १९७२ च्या जून महिन्यात अ‍ॅग्नेस नावाचं वादळ आलं आणि चेसापीकमध्ये नद्यांचा एवढा पूर आला की वरच्या भागातली कालवं गोड्या पाण्यानेच मेली.

पहाटेचं पाणी

तिसरी गोष्ट प्राणवायूची. सांडपाणी आणि शेतातलं खत नदीत आलं की शेवाळ माजतं. दिवसा ऊन असताना ते पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू ओढतं. त्यामुळे उथळ, बंदिस्त जागी पहाटे पाण्यात दम उरत नाही. दुपारी मोजलं तर सगळं ठीक दिसतं. चेसापीकच्या काठावरच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की ज्या उथळ जागी रात्री प्राणवायू फार खाली जातो, तिथल्या कालवांना डर्मो जास्त लागतो. दम कोंडला की अंगातली लढायची ताकद कमी पडते, माणसाचंही तसंच.

म्हणून गटाराचं पाणी आणि परजीवी ही दोन वेगळी भांडणं नाहीत. घाण पाणी स्वतः कालवाला मारत नसलं तरी परजीवीला दार उघडून देऊ शकतं. कालवं मेली आणि परजीवी सापडला, म्हणून सांडपाणी सोडणाऱ्याची सुटका होत नाही.

कुर्लीच्या पोटाखालची पिशवी

आता कुर्लीकडे वळू. जाळ्यात कधी कधी अशी कुर्ली येते जिच्या पोटाखाली पिवळसर गोळा असतो. आपण म्हणतो अंडी आहेत. पण नीट बघा. खरी अंडी म्हणजे बारीक दाण्यांचा घोस, बोटाने दाणे वेगळे कळतात. काही वेळा मात्र तिथे गुळगुळीत, एकसंध पिशवी असते, दाणे नसतात. ती अंडी नव्हेत. तो ‘सॅक्युलिना’ जातीचा परजीवी.

होडीच्या बुडाला चिकटणारे पांढरे खरखरीत बार्नॅकल तुम्हाला माहीत आहेत, खरवडून हात सोलतात ते. सॅक्युलिना त्यांचाच भाऊबंद. पण याला कवच नाही. त्याचं पिल्लू कुर्लीच्या अंगात शिरतं, झाडाच्या मुळासारखे धागे अंगभर पसरवतं आणि मग पोटाखाली पिशवी बाहेर काढतं. त्या कुर्लीला पुन्हा पिल्लं होत नाहीत. नर कुर्लीला लागला तर तिचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो नर त्या पिशवीला स्वतःची अंडी समजून जपतो. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर, पाठीवर तीन ठिपके असलेल्या समुद्री कुर्लीवरही अशा परजीवींची नोंद आहे.

इथेही पाण्याचा खारेपणा महत्त्वाचा. चेसापीकमध्ये याच घराण्यातला एक परजीवी छोट्या चिखली खेकड्यांवर १९६४ मध्ये दिसला. तो तिथला नव्हता. मेक्सिकोच्या आखातातून कालवं आणली गेली, त्या कालवांच्या खाचांत बसलेल्या खेकड्यांबरोबर तो आला. त्याची पिल्लं कमी खाऱ्या पाण्यात तगत नाहीत, त्यामुळे नदीच्या वरच्या मचूळ भागातले खेकडे बऱ्यापैकी वाचतात.

आपल्यासाठी यात एक कामाची गोष्ट आहे. अंड्यांची कुर्ली परत सोडायची, हा आपला चांगला नियम आहे, तो पाळाच. पण पिशवीची कुर्ली अंड्यांची समजून सोडली तर आपण कुर्ल्या वाढवत नाही, परजीवी वाढवतो. सोडण्याआधी पोटाखाली एकदा बघा.

परजीवी दिसला म्हणजे खाडी बिघडली का?

नाही. उलटही असू शकतं. चिखलातल्या गोगलगायींत काही चपटे कृमी असतात. ते आधी गोगलगायीत, मग मासा, खेकडा किंवा शिंपल्यात आणि शेवटी त्यांना खाणाऱ्या पक्ष्यात, असा प्रवास करतात. पक्षी नसेल तर हा फेरा पूर्णच होत नाही. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया इथली खराब झालेली खाजणासारखी जमीन पुन्हा सुधारली, तेव्हा काही वर्षांत तिथल्या गोगलगायींत हे कृमी वाढले. कारण पक्षी परत आले होते. म्हणून नुसता किडा बघून घाबरायचं नाही. एकच परजीवी माजतोय आणि जीव मरतायत, तेव्हा काळजी करायची.

आता आपल्या नद्या

पर्किन्ससचे भाऊबंद आपल्या देशातही आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या, संशोधकांनी २०१० साली मोत्याच्या कालवात ‘पर्किन्सस ओल्सेनाय’ आणि २०१२ साली खाण्याच्या कालवात ‘पर्किन्सस बैहायेन्सिस’ सापडल्याचं जाहीर केलं. यातला ओल्सेनाय हा जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत आहे. कोरिया आणि पोर्तुगालमध्ये त्याच्यामुळे तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं मोठं नुकसान झालंय.

वरचे अमेरिकेतले आकडे आपल्या कालवांना जसेच्या तसे लावू नका. जात वेगळी, पाणी वेगळं. पण हिशोबाची पद्धत लावता येते.

तिकडे हिवाळा परजीवीला लगाम घालतो. आपल्याकडे पाणी वर्षभर कोमटच, थंडीतही पंचविशीच्या आसपास. म्हणजे गारव्याची सुटी आपल्या कालवांना मिळत नाही. आपल्याकडे लगाम घालण्यासारखी एकच मोठी गोष्ट घडते, ती म्हणजे पावसाळा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत नदी वरपासून खालपर्यंत जवळजवळ गोडी होते. पाऊस सरला की खारं पाणी हळूहळू आत येतं आणि मे महिन्यापर्यंत कित्येक किलोमीटर वर पोचतं. तेव्हा पाणी सगळ्यात खारं आणि सगळ्यात गरम, दोन्ही एकदम.

म्हणून पाऊस लांबला किंवा कमी पडला, तर नुकसान फक्त भातशेतीचं होत नाही. खारट-गरम दिवस वाढतात, म्हणजे परजीवीचे दिवस वाढतात. वरच्या बाजूला पाणी अडवलं तरी तेच. आणि खाजणाच्या मानशीची दारं नीट चालली नाहीत, पाणी आत कुजत राहिलं, तर पहाटेचा दम कोंडतो.

खाजणात किंवा तळ्यात कोळंबी करणाऱ्यांना ‘ईएचपी’ हे नाव ऐकून माहीत असेल. तोही परजीवीच. कोळंबी मरत नाही, पण वाढत नाही, खाद्याचा खर्च अंगावर येतो. तो कमी खाऱ्या पाण्यातही लागतो, पण जास्त खाऱ्यात त्याचा जोर अधिक दिसलाय. विष्ठेतून आणि रोगी बियातून तो पसरतो. बी तपासूनच घ्या.

आपण काय करायचं?

१. बी हलवताना सगळ्यात जास्त जपा. डर्मोखेरीज कालवांचा आणखी एक मोठा रोग अमेरिकेत १९५७ साली डेलावेअर खाडीत आणि १९५९ साली चेसापीकमध्ये दिसला. पुढे २००० साली त्याच्या जनुकांवरून कळलं की तो आशियातल्या कालवाच्या जातीबरोबर तिकडे गेला असावा. चिखली खेकड्यांचा परजीवीही कालवांबरोबरच आला होता. एका नदीतली कालवं, शिणाणे दुसरीत टाकताना आपण त्यांच्या अंगातलं सगळंच टाकत असतो. तपासल्याशिवाय आणू नका, आणि लांबच्या राज्यातलं तर नकोच.

२. जुनी, रोड कालवं तशीच ठेवून त्यांच्यात नवं बी टाकू नका. आधी जुनी काढा, जागा काही काळ मोकळी ठेवा. दाटीही कमी ठेवा.

३. मेलेली कालवं आणि साफ करताना निघालेली घाण पुन्हा त्याच पाण्यात टाकू नका. किनाऱ्यावर, भरती पोचणार नाही अशा जागी टाका. रिकाम्या शिंपा खडपावर परत टाकायच्या असतील तर आधी उन्हात चांगल्या वाळवा.

४. पिकलेलं कालव फार दिवस ठेवू नका. चेसापीकमध्ये आज शेती करणारे लवकर वाढणारी कालवं लावतात आणि रोगाने मारण्याआधीच बाजारात नेतात.

५. मोजा आणि लिहून ठेवा. दर महिन्याच्या उधाणाला एकाच जागेवरची शंभर कालवं बघा. त्यांत दोन्ही शिंपा जोडलेल्या पण आत रिकाम्या अशा किती, ते मोजा. शिंपा अजून जोडलेल्या आहेत म्हणजे कालव अलीकडेच मेलंय. आतून स्वच्छ असतील तर अगदी हल्लीच. वहीत तारीख, जागा, आकडा, पाऊस लिहा. कोळंबीवाल्याकडे खारेपणा मोजायचं हातातलं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, असतं. एक थेंब पाणी पुरतं.

६. रोड कालव म्हणजे रोगीच असं लगेच धरू नका. अंडी सोडल्यावरही कालव काही आठवडे पाणचट असतं. पण महिने गेले तरी भरत नाही आणि रिकाम्या शिंपा वाढतायत, तर मत्स्य खात्याला किंवा सीएमएफआरआयला कळवा. केंद्र सरकारचं २०२३ मध्ये आलेलं ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲपही आहे. नमुना जिवंत द्या, कुजलेल्या कालवातून काही कळत नाही.

खायला धोका आहे का?

हा प्रश्न येणारच. पर्किन्सस माणसाला लागत नाही. सॅक्युलिनाही नाही. त्यामुळे बाजारात कुणी अफवा उठवली तर ठामपणे सांगा. कालवं नीट शिजवून खायची ती वेगळ्या कारणासाठी. सांडपाण्यातले आणि गरम पाण्यातले जंतू त्यांत साठतात आणि त्यांनी माणूस आजारी पडतो.

थोडक्यात, परजीवी खाडीत होता आणि राहणार. त्याला आपण हाकलू शकत नाही. पाऊसही आपल्या हातात नाही. पण पाण्यात काय सोडलं जातं, मानशी कशी चालते, बी कुठून येतं आणि एका जागी किती दाटी करायची, हे बरंचसं आपल्या हातात आहे. चेसापीकच्या गावांना हे कळेपर्यंत खडपं गेली होती. आपली अजून आहेत.

तुमच्या जागेवर यंदा रिकाम्या शिंपा किती निघाल्या, ते सोसायटीच्या ऑफिसात येऊन जरूर सांगा. चार नद्यांचे आकडे एका वहीत आले तर पुढच्या वर्षी अंदाजाने बोलावं लागणार नाही.